श्वासाची नळी आणि बिलाचा कागद

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हा आपल्याकडचा फार जुना समज. प्रत्यक्षात घोरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांनी मोडत असते. घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकतो, माणूस अर्धवट जागा होतो आणि मोठा घोर मारून श्वास पुन्हा सुरू होतो. असे तासाला पंधरा-वीस वेळा, काहींच्या बाबतीत साठ-सत्तर वेळाही घडते. सकाळी डोके जड, दुपारी खुर्चीतच डुलकी, औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात नाही आणि गाडी चालवताना डोळा लागण्याचा धोका. या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यावरील मुख्य उपचार सीपॅप यंत्राचा. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय जगापुढे मांडला. नाकावर मुखवटा बसवून, दाबाखालील हवा सतत आत सोडून, घसा मिटू द्यायचा नाही, एवढे साधे त्याचे तत्त्व आहे.

आजचा विषय मात्र हा विकार नव्हे. यंत्र आणि मुखवटा यांना जोडणारी जी साधारण सहा फुटांची नळी असते, ती नळी आणि तिचे बिल हा आजचा विषय आहे. "डॉक्टर, लिहायला दुसरे काही उरले नाही का?" असे कोणी म्हणेल. पण नळीच्या बिलावरून उपचार सोडून देणारी माणसे आहेत, आणि उपचार सोडण्याची किंमत नळीच्या किमतीपेक्षा फार मोठी आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

नळी गरम कशासाठी?

सीपॅप यंत्र खोलीतलीच हवा ओढते आणि दाबाने नाकात सोडते. ही हवा रात्रभर वाहत राहिली की नाक, घसा कोरडे पडतात. तोंड उघडे राहून हवा बाहेर निसटत असेल तर कोरडेपणा आणखी वाढतो. नाक चोंदते, शिंका येतात, कधी नाकातून रक्ताचा अंशही दिसतो. यावर उपाय म्हणून यंत्राला पाण्याची लहान टाकी जोडतात. टाकीतले पाणी मंद तापते आणि हवा ओलसर होऊन निघते. याला ह्युमिडिफायर म्हणतात.

इथे एक नवी अडचण उभी राहते. टाकीतून निघालेली उबदार, ओलसर हवा सहा फुटांच्या थंड नळीतून जाताना गार होते. गार हवेत तेवढी वाफ मावत नाही, तेव्हा नळीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतून पाणी ठिबकते, तसाच हा प्रकार. मध्यरात्री हे थेंब घरंगळत मुखवट्यात येतात आणि झोपलेल्या माणसाच्या नाकावर पडतात. नळीत गुडगुड आवाज होतो तो वेगळाच. दचकून उठलेला माणूस मुखवटा काढून फेकतो आणि घोरत झोपी जातो.

गरम नळी ही या अडचणीवरची युक्ती आहे. नळीच्या भिंतीत बारीक तार गुंडाळलेली असते. यंत्रातून तिला वीज मिळते, नळी कोमट राहते आणि हवा नाकापर्यंत उबदार, ओलसर अशीच पोचते. त्यापलीकडे तिच्यात चमत्कार नाही. ज्यांच्या नळीत पाणी जमते किंवा ओलावा वाढवूनही ज्यांचे नाक कोरडे राहते, त्यांना तिचा चांगला उपयोग होतो. ज्यांना असा त्रासच नाही, त्यांना ती असली काय नि नसली काय, सारखेच. हवेतला ओलावा वाढवला की कोरडेपणाची तक्रार कमी होते. पण त्यामुळे प्रत्येकाचे यंत्र वापरण्याचे तास वाढतातच, असे संशोधनातून दिसलेले नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

एक पत्र

काही महिन्यांपूर्वी एका निवृत्त शिक्षिका-वाचकांचे पत्र आले. त्यांचे थोरले बंधू १९७२ साली अभियंता म्हणून अमेरिकेत गेले, ते तिकडचेच झाले. १९६५ च्या कायद्याने तिकडचे दरवाजे उघडल्यावर आपल्याकडची जी शिकलेली पिढी गेली, त्यांपैकी ते एक. ही पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे आणि वयाच्या पासष्टीनंतर मिळणाऱ्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावर आहे. बाईंनी बंधूंच्या कागदांच्या प्रती सोबत जोडल्या होत्या आणि लिहिले होते, "दादा म्हणतो, दर तीन महिन्यांनी खोकी येतात, दर वेळी नळीचे पैसे लावतात, हा सगळा लुटीचा धंदा आहे. त्याने चिडून गरम नळी काढून ठेवली आणि कपाटातली साधी जोडली. थंडीत नाकात पाणी येऊ लागले म्हणून आता मशीनच बंद केले आहे. वहिनी काळजीत आहे. तो अजून स्वतः गाडी चालवतो. तुम्ही काही सांगाल का?"

हे पत्र एका घरचे असले तरी त्यातली गाठ अनेक घरांत सापडेल. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांतले कोणी ना कोणी तिकडे आहे. तेव्हा ती गाठ नीट सोडवून पाहू.

बिलातील ओळी कशा वाचाव्यात

अमेरिकेत वैद्यकीय साहित्याच्या प्रत्येक वस्तूला एक संकेतांक असतो. सीपॅप यंत्राचा ई ०६०१, तापणाऱ्या ह्युमिडिफायरचा ई ०५६२, साध्या नळीचा ए ७०३७ आणि आपल्या या गरम नळीचा ए ४६०४. पुरवठादार हे आकडे लिहून मेडिकेअरकडे मागणी करतो. मेडिकेअरने प्रत्येक संकेतांकाचा मंजूर दर ठरवलेला असतो. वर्षाची ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरली, की त्यानंतर मंजूर दराचे ८० टक्के मेडिकेअर देते आणि २० टक्के रुग्णाकडे राहतात. उदाहरणादाखल मंजूर दर ५० डॉलर धरला, तर मेडिकेअरचे ४० आणि रुग्णाचे १०. पूरक विमा असेल तर ते १० सुद्धा बहुधा तोच भरतो. खासगी कंपन्यांचे विमे वेगळे. त्यांत काहींचा सुरुवातीचा स्वखर्चाचा वाटा इतका मोठा असतो, की नळीचे सगळेच पैसे रुग्णाच्या खिशातून जातात. अशा वेळी बाजारातून परस्पर नळी घेणे कधी कधी स्वस्त पडते. विचारून पाहण्यात काही कमीपणा नाही.

आता त्या खोक्यांविषयी. मेडिकेअरने प्रत्येक वस्तूसाठी एक मुदत ठरवली आहे. नळी, गरम असो वा साधी, तीन महिन्यांतून एक. मुखवटाही तीन महिन्यांतून एक. डोक्याचे पट्टे आणि पाण्याची टाकी सहा महिन्यांतून एक. फेकून देण्याचे गाळणे महिन्यातून दोन. ही मुदत वाचताना फार मोठा घोटाळा होतो. तीन महिन्यांतून एक, याचा अर्थ तीन महिन्यांनी एक घेतलीच पाहिजे, असा नाही. त्यापेक्षा जास्त घेतल्यास सहसा पैसे मिळणार नाहीत, एवढाच तो अर्थ. ती कमाल मर्यादा आहे. रेशनकार्डावर साखरेचा कोटा लिहिलेला असतो म्हणून तेवढी साखर खाल्लीच पाहिजे, असे कोणी म्हणत नाही. तसेच हे.

नियम तर याहूनही स्पष्ट आहे. पुरवठादाराने परस्पर खोके पाठवायचे नाही. आधी रुग्णाशी संपर्क साधायचा, जुनी वस्तू काम देते की नाही हे विचारायचे, रुग्णाने "पाठवा" म्हटले तरच पाठवायचे. नळी चिरली, तिला भोक पडले, आतून डागाळली, तापेनाशी झाली, तर बदलायची. चांगली चालत असेल तर बदलायचे कारण नाही. व्यवहारात मात्र काय होते? फोनवर ध्वनिमुद्रित आवाज येतो, "होय म्हणायचे असेल तर एक दाबा." म्हातारा माणूस एक दाबतो. खोके येते, कपाट भरते, बिल येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ च्या जूनमध्ये एक तपासणी अहवाल दिला. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांतील, या यंत्रांच्या बदली साहित्याच्या मागण्यांपैकी ११० मागण्या त्यांनी नमुन्यादाखल तपासल्या. त्यांतल्या ८६ नियमांत बसत नव्हत्या. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की त्या दोन वर्षांत नियमबाह्य रीतीने सुमारे ६३ कोटी १३ लाख डॉलर दिले गेले. यातल्या सगळ्याच मागण्या लबाडीच्या होत्या असे समजू नये. कागदपत्रे अपुरी असणे, रुग्णाने मागितल्याची नोंद नसणे, असेही दोष त्यांत होते. पण सरकारी तिजोरीतून एवढी रक्कम अशी जाते, तेव्हा दादांचा संताप अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पुरवठादार म्हणतात, २०११ पासून मेडिकेअरने स्पर्धात्मक निविदा आणल्या तेव्हा आमचे दर खाली आले. यंत्र बसवून द्यायचे, मुखवटा मापाचा निवडून द्यायचा, रुग्णाला शिकवायचे, तो घाबरला की समजूत घालायची, या श्रमांचे वेगळे पैसे कोणी देत नाही. मग दुकान चालायचे ते साहित्याच्या विक्रीवरच. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या व्यवस्थेत माणसाच्या वेळेला संकेतांक नाही आणि नळीला आहे, तिथे नळ्याच जास्त खपणार. दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून भागणार नाही.

नळी क्षुल्लक का नाही

तर मग गरम नळी ही चैन समजून मेडिकेअरने तिचे पैसे देणेच बंद करावे काय? माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे. त्याचे कारण दुसऱ्या एका नियमात आहे.

मेडिकेअर सीपॅप यंत्र देते ते सुरुवातीला बारा आठवड्यांच्या चाचणीवर. झोपेच्या तपासणीत तासाला १५ किंवा अधिक वेळा श्वास अडकत असेल, किंवा ५ ते १४ वेळा अडकत असून सोबत दिवसा झोप येणे, रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात यांसारखे काही असेल, तर यंत्र मिळते. पण ते टिकवायचे तर अट आहे. पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांचा असा एक टप्पा दाखवावा लागतो, ज्यात ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, दर रात्री किमान ४ तास यंत्र वापरले गेले. यंत्र स्वतःच ही नोंद ठेवते. शिवाय ३१ व्या ते ९१ व्या दिवसांच्या दरम्यान डॉक्टरांनी रुग्णाला पुन्हा तपासून गुण येत असल्याचे लिहावे लागते. हे जमले तर तेरा महिने भाडे भरून यंत्र रुग्णाच्या मालकीचे होते. न जमले तर पैसे थांबतात, यंत्र परत जाते, आणि पुन्हा हवे असल्यास डॉक्टरांची भेट आणि केंद्रात जाऊन झोपेची तपासणी नव्याने करावी लागते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पहिले तीन महिने हेच सर्वांत कठीण. मुखवटा सवयीचा नसतो, नाक कोरडे पडते, थेंब टपकतात. नेमक्या याच काळात रुग्णाची परीक्षा चालू असते. ज्याला नळीतल्या पाण्याने रात्री दोन वाजता उठवले, तो चार तास कसे पुरे करणार? नापास झाला तर नोंद होईल, "रुग्णाने सहकार्य केले नाही." अडचण नळीची, आणि ठपका रुग्णावर. डेट्रॉईट-शिकागोकडच्या हिवाळ्यात, जिथे रात्री खोलीचे तापमान उतरते, तिथे ही गरम नळी म्हणजे उपचाराचाच भाग आहे. तिला स्वतंत्र संकेतांक आहे, तिचे स्वतंत्र पैसे मिळतात, हे योग्यच आहे.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. पैसे पंचांगाप्रमाणे दिले जातात, गरजेप्रमाणे नाहीत. पहिल्या महिन्यात ज्याला गरम नळी हवी त्याला ती आहे हेच कोणी सांगत नाही, आणि तीन वर्षे सुखाने वापरणाऱ्याच्या कपाटात पाच-सहा न उघडलेल्या नळ्या पडून राहतात. यात आम्हा डॉक्टरमंडळींचाही वाटा आहे, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. तिकडे काय किंवा इकडे काय, चिठ्ठीवर "सीपॅप आणि साहित्य" एवढे लिहून मोकळे होण्याची आमच्या व्यवसायात रीत पडली आहे. कोणती नळी, कशासाठी, किती दिवसांनी पाहायची, हे चार शब्द लिहायला अर्धा मिनिट पुरतो. सही डॉक्टरची असते, माल दुकानदाराचा असतो, बिल विम्याचे असते आणि नाक तेवढे रुग्णाचे असते. या चौघांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

दादांना काय कळवले

बाईंना मी जे लिहिले त्याचा सारांश इथे देतो, इतरांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, यंत्र आणि बिल यांची फारकत करा. बिलाशी भांडायचे तर खुशाल भांडा, पण दिवसा. रात्री मुखवटा लावून झोपा. दुकानदारावरचा राग स्वतःच्या हृदयावर काढण्यात शहाणपण नाही. गरम नळी पुन्हा जोडा. ती आधीच घरात आहे, तिला वापरण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, पुरवठादाराला फोन करा आणि त्यापाठोपाठ पत्रही लिहा, की मी मागितल्याशिवाय कोणतेही साहित्य पाठवू नये. तारीख आणि बोललेल्या व्यक्तीचे नाव वहीत टिपून ठेवा.

तिसरी, मेडिकेअर ठरावीक मुदतीने हिशेबाचा कागद पाठवते. त्यावर "हे बिल नाही" असे छापलेले असते. पुष्कळ वयस्कर मंडळी तेच बिल समजून घाबरतात किंवा धनादेश लिहितात. तो कागद आणि पुरवठादाराचे खरे बिल शेजारी ठेवून ताडून पाहा. आलेली वस्तू आणि लिहिलेली वस्तू एकच आहे ना? साधी नळी आली आणि ए ४६०४ लिहिले, असे तर नाही? गरम आणि साधी, दोन्हींची आकारणी एकाच वेळी झाली का? यंत्राला नळी एकच लागते. न आलेल्या मालाचे पैसे लावले असतील तर मेडिकेअरच्या दूरध्वनीवर तक्रार करता येते.

चौथी, पुरवठादार एखाद्या कागदावर सही मागत असेल आणि त्यात "मेडिकेअरने पैसे न दिल्यास मी देईन" असा मजकूर असेल, तर वाचल्याशिवाय सही करू नका. असा कागद देणे नियमात बसते, पण कोणती वस्तू, किती पैसे आणि मेडिकेअर का नाकारील, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. कोऱ्या जागा असतील तर परत करा.

पाचवी, नळीत पाणी जमण्यावर फुकटचे उपायही आहेत. यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे थेंब मुखवट्याकडे न येता टाकीकडे परततात. नळी पांघरुणाखालून घ्यावी किंवा तिला कापडी खोळ घालावी. ओलावा एक-दोन अंशांनी कमी करून पाहावा. एवढ्याने भागले तर गरम नळी खराब झाल्यावर नवी घ्यायची की नाही, हे आपले आपण ठरवता येते.

बाईंचे उत्तर आले. यंत्र पुन्हा सुरू झाले आहे. खोक्यांचा वाद अजून मिटलेला नाही, पण तो आता दिवसा चालतो.

आपल्याकडे काय?

तिकडे प्रत्येक वस्तूला संकेतांक आहे म्हणून माणूस गोंधळतो. आपल्याकडे त्याच्या उलट. इथे बहुतेकांना पदरमोड करूनच यंत्र घ्यावे लागते. आपल्या नेहमीच्या आरोग्य पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. घरी वापरायचे यंत्र, त्याचा मुखवटा, नळी, यांचे पैसे त्यांतून सहसा मिळत नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरांना आणि पेन्शनरांना सीजीएचएसमधून, आधी मंजुरी घेऊन, ठरवलेल्या मर्यादेपर्यंत खर्च परत मिळू शकतो. अशा वाचकांनी यंत्र घेण्यापूर्वी अर्ज करावा, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

बाकीच्यांकडे विक्रेत्याचा माणूस घरी येतो, यंत्र दाखवतो, सगळे मिळून एक आकडा सांगतो. त्यात नळी कोणती, ह्युमिडिफायर धरला आहे की नाही, मुखवटा बदलून मिळेल का, हमी किती वर्षांची, हे कागदावर नसते. पुढे नळी फाटली की कळते, आपली नळी कोणती हेच आपल्याला ठाऊक नाही. साध्या नळीचे तोंड बहुतेक यंत्रांना सारखे, २२ मिलिमीटरचे असते, ती कुठेही मिळते. गरम नळीला मात्र विजेची जोडणी असते. ती त्या त्या यंत्राचीच लागते, दुसरी बसत नाही. अमेरिकेतून परतताना यंत्र बरोबर आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिकडची गरम नळी इथे बिघडली तर नेमकी तशीच मिळेल याची खात्री नसते, पण साध्या नळीवर यंत्र बहुधा चालवता येते. तेव्हा एक साधी नळी सामानात टाकावी. आणि नातेवाइकांचे वापरलेले यंत्र कोणी प्रेमाने देत असेल तर ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नये. हवेचा दाब प्रत्येकाचा वेगळा असतो. शिवाय २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीला आतल्या फोमच्या दोषामुळे आपली लाखो यंत्रे परत मागवावी लागली होती. जुने यंत्र त्यांपैकी नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे.

गरम नळी आपल्या हवेत लागते का, असेही वाचक विचारतील. कोकणात किंवा पावसाळ्यात हवाच ओली असते, तिथे बहुतेकांचे तिच्यावाचून अडत नाही. वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्यांना, नाशिक-निफाडकडच्या थंडीत किंवा ज्यांचे नाक मुळातच कोरडे आहे त्यांना लागू शकते. आधी साध्या नळीवर दोन-तीन आठवडे झोपून पाहावे, त्रास झाला तर घ्यावी. "ही नसेल तर मशीनचा उपयोगच नाही," असे विक्रेता म्हणाला तर ते खरे मानू नये. "ही फालतू आहे," असे शेजारी म्हणाला तर तेही खरे मानू नये. पाण्याच्या टाकीत मात्र शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाचे पाणी घातले की तळाशी क्षार बसतात.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विक्रेत्याने यंत्र, ह्युमिडिफायर, मुखवटा, नळी आणि गाळणे यांची वेगवेगळी किंमत लिहून पक्के बिल द्यावे, आणि प्रत्येक रुग्णाने ते मागून घ्यावे. अमेरिकेच्या त्या संकेतांकांच्या जंजाळात एक गुण निश्चित आहे. नळी तिथे बिलावर स्वतंत्र दिसते. जी वस्तू कागदावर दिसते तिच्याविषयी विचारता येते, भांडता येते, नको म्हणता येते. आपल्याकडे सगळे एका आकड्यात गुंडाळलेले, तेव्हा विचारणार कशाविषयी? आणि विमा कंपन्यांनीही एक हिशेब करून पाहावा. पक्षाघात झाल्यावर अतिदक्षता विभागाचे लाखो रुपये मुकाट्याने भरायचे, पण ज्या यंत्राने रात्रीचा श्वास चालू राहतो आणि रक्तदाब काहीसा खाली यायला मदत होते, त्याला घरगुती वस्तू म्हणून नाकारायचे, हा हिशेब कोणत्याही किराणा दुकानदाराला पटणार नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी हे यंत्र आहे, त्यांनी आज रात्री एवढेच करावे. नळी उजेडात धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी. भेग, भोक, काळे डाग नसतील तर ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा लावावी. गरम नळी असेल तर तिचे विजेचे टोक कसे जपायचे, ते माहितीपुस्तिकेत पाहून मगच धुवावी. भेग असेल तर बदलावी. बदलताना बिल घ्यावे आणि ते बिल यंत्राच्या पिशवीतच ठेवावे.